उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्या घ्याव्यात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थेट सांगा: घ्यायच्या की नाही?

नाही. वाढ पूर्ण झालेल्या माणसाची उंची कुठल्याही पावडरीने, गोळीने, थेंबांनी किंवा चूर्णाने वाढत नाही. नीट जेवणाऱ्या, वाढत्या वयाच्या निरोगी मुलालाही त्यांचा उपयोग नाही. ज्या मुलाच्या आहारात खरंच काही कमी पडतंय, त्याला ती कमतरता भरून निघाल्यावर फायदा होतो. पण त्यासाठी जे लागतं ते 'हाइट ग्रोथ' लिहिलेल्या डब्यापेक्षा बरंच स्वस्त मिळतं. राहिलं ते आजारामुळे वाढ अडलेलं मूल. त्याचं मात्र या डब्यांमुळे सरळ नुकसान होतं, कारण 'तीन महिन्यांचा कोर्स' संपला की दुसरा सुरू होतो आणि उपचार लागू पडण्याचं वय हातचं निघून जातं. पैसे पुन्हा मिळवता येतात, ते वय मिळवता येत नाही.

उंची नेमकी कुठे वाढते आणि थांबते कधी?

मांडीचं हाड, नडगी अशा लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे नवी कूर्चा तयार होते, मग तिचं हाड होतं आणि हाड लांबत जातं. वयात येताना शरीरात इस्ट्रोजेन हे हॉर्मोन वाढतं (मुलग्यांमध्येही, कारण टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनच्या काही भागाचं इस्ट्रोजेनच होतं). त्याने आधी उंची झपाट्याने वाढते आणि मग याच चकत्या भरून जाऊन पक्कं हाड होतं. मुलींमध्ये हे साधारण १४ ते १६ व्या वर्षी होतं, मुलग्यांमध्ये १६ ते १८ व्या. चकती भरली की हाड लांबायला जागाच उरत नाही. त्यानंतर कॅल्शियम घेतलं तर हाडाचा कस टिकायला मदत होईल, लांबी वाढणार नाही.

माझं वय २० आहे. पोलीस भरतीसाठी दीड सेंटिमीटर कमी पडतोय. काहीच करता येणार नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच होते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना किमान १६५ सेंमी आणि महिलांना १५५ सेंमी उंची लागते. १६३.५ वर अडकलेला मुलगा कोणीही काहीही दिलं तरी घेतो, हे विकणाऱ्यांना चांगलं माहीत असतं.

आधी उंची खरंच किती आहे ते पक्कं करा. दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत उंची एक ते दीड सेंटिमीटर कमी भरते. तुम्ही संध्याकाळी, घरच्या टेपने, कोणीतरी अंदाजाने पकडलेल्या पट्टीखाली मोजली असेल, तर तो आकडा धरून चालू नका. सकाळी, दवाखान्यातल्या भिंतीवरच्या स्टेडिओमीटरवर मोजून घ्या. पोक काढून उभं राहायची सवय असेल तर पाठीच्या आणि मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम करा. ताठ उभं राहिल्याने जे सेंटिमीटर मिळतात ते तुमचेच असतात, फक्त वाया जात होते. मैदानी चाचणीच्या आदल्या रात्री पूर्ण झोप घ्या आणि उंची मोजेपर्यंत उगाच धावपळ करू नका.

वाढ शिल्लक आहे का, हे डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे सांगतो. मिसरूड उशिरा फुटलेल्या एखाद्या मुलाच्या चकत्या १८-१९ व्या वर्षीही थोड्या उघड्या असू शकतात. विसाव्या वर्षी ही शक्यता फार कमी. चकत्या बंद असतील आणि सकाळची खरी उंची १६३ असेल, तर भरतीची जाहिरात नीट वाचून तुम्हाला सवलत लागू आहे का ते बघा आणि नसेल तर उंचीची अट नसलेल्या परीक्षांकडे वळा. दोन वर्षं पावडर खात थांबण्यात अर्थ नाही.

त्या डब्यात असतं तरी काय?

नावं वेगवेगळी, आतला माल साधारण एकाच घरातला. अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळी, कधी शिलाजित; सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, झिंक; आणि आर्जिनिन, लायसिन, ग्लायसिन ही अमिनो आम्लं. हल्ली कोलॅजेनही टाकतात.

आर्जिनिनचं उदाहरण घेऊ, कारण 'ग्रोथ हॉर्मोन वाढवतो' हा दावा त्याच्याच जोरावर केला जातो. यात अर्धं सत्य आहे. शरीर ग्रोथ हॉर्मोन नीट सोडतंय का, हे तपासताना रुग्णालयात आर्जिनिन शिरेतून देतात. त्याचं प्रमाण दर किलो वजनाला अर्धा ग्रॅम, म्हणजे ४० किलोच्या मुलाला २० ग्रॅम. त्यानंतर हॉर्मोन थोडा वेळ वर जातो आणि पुन्हा खाली येतो. ती तपासणी आहे, उपचार नाही. तिने कोणाची उंची वाढत नाही. गोळीत आर्जिनिन असतं काहीशे मिलिग्रॅम, तेही तोंडावाटे. वीस ग्रॅमशी त्याची तुलनाच होत नाही.

अश्वगंधेने मुलांची उंची वाढते, असा भरवशाचा पुरावा नाही. कोलॅजेन पोटात गेलं की इतर कुठल्याही प्रथिनासारखं पचतं. ते निवडून ग्रोथ प्लेटकडे जात नाही.

कॅल्शियमचा आकडा वाचताना सावध राहा. 'कॅल्शियम कार्बोनेट ५०० मिग्रॅ' लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे २०० मिग्रॅ असतं. तेवढं पावणेदोनशे मिलिलीटर दुधात मिळतं.

पण ओळखीच्या मुलाची तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर उंची वाढली. ते खोटं कसं म्हणायचं?

उंची वाढली हे खरंच असेल. पावडरीने वाढली, हे कशावरून? चार वर्षांपासून वयात येईपर्यंत निरोगी मूल वर्षाला ५ ते ६ सेंमी वाढतं. म्हणजे तीन महिन्यांत सव्वा ते दीड सेंटिमीटर, काहीही न घेता. वयात येतानाच्या सर्वांत वेगवान वर्षात मुलगी साधारण ८ सेंमी आणि मुलगा ९ ते १० सेंमी वाढतो. म्हणजे चौदा वर्षांचा मुलगा वरण-भात खाऊनही तीन महिन्यांत दोन-अडीच सेंटिमीटर सहज वाढतो. 'वय १२ ते १८ साठी उत्तम' असं डब्यावर लिहिण्याचं कारण हेच. वाढ त्या वयात होणारच असते, श्रेय डब्याला जातं.

त्यात पहिलं माप संध्याकाळी आणि दुसरं सकाळी घेतलं की आणखी एक सेंटिमीटर फुकट.

'क्लिनिकली प्रूव्हन' लिहिलेलं असतं त्याचं काय?

तीन गोष्टी विचारा. ज्यांना ते उत्पादन दिलं त्यांच्या सोबत, न दिलेल्या तशाच मुलांचा गट होता का? अभ्यास किती महिने चालला? आणि मुलं कोणती होती? कमी वजनाच्या, कमी खाणाऱ्या मुलांना पोषण पूरक दिल्यावर त्यांचं वजन आणि उंचीचा वेग थोडा सुधारतो, असे अभ्यास आहेत. झिंकची कमतरता असलेल्या मुलांतही थोडा फरक दिसतो. पण तो निष्कर्ष उचलून चांगल्या खात्यापित्या घरातल्या मुलाला लावणं ही फसवणूक आहे. तूट भरून निघाली की वाढ मूळ मार्गावर येते. तुटीच्या पलीकडे कितीही ओतलं तरी मूल ठरलेल्यापेक्षा उंच होत नाही.

दुधात घालायच्या पावडरींचं काय? त्या तर घरोघरी असतात.

त्या विषारी नाहीत, पण उंचीसाठी म्हणून घ्यायचं कारण नाही. डब्याच्या मागचा तक्ता काढा. त्यात बहुतेक वेळा दोन रकाने असतात: नुसत्या पावडरीचा आणि 'दुधासह'. जाहिरातीत मोठा दिसणारा आकडा दुसऱ्या रकान्यातला असतो आणि त्यातला बराचसा वाटा दुधाचाच असतो. २०० मिली दुधात साधारण ६ ते ७ ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिग्रॅ कॅल्शियम असतं. मग 'अ‍ॅडेड शुगर'ची ओळ वाचा. अनेक चॉकलेटी पावडरींत तिथला आकडा प्रथिनांपेक्षा मोठा निघतो.

'टॉलर, स्ट्राँगर, शार्पर' म्हणणारी हॉर्लिक्सची जाहिरात २००८ मध्ये ब्रिटनमध्ये एका नेपाळी वाहिनीवर लागली, तेव्हा तिथल्या जाहिरात नियामकाने ती पुन्हा दाखवायला मनाई केली. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा नियामक संस्थेने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटात दाखवू नका असं सांगितलं, कारण कायद्यात अशी व्याख्याच नाही.

मूल नुसतं दूध पीत नसेल आणि चमचाभर पावडरीने पीत असेल, तर चव म्हणून घाला. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

एफएसएसएआयचा नंबर आहे म्हणजे उत्पादन तपासलेलं असणार ना?

नाही. १४ आकड्यांचा तो क्रमांक धंद्याच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा असतो. या पावडरीने उंची वाढते का, हे कोणी तपासून तो दिलेला नसतो. क्रमांक खरा आहे का ते एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' या परवाना-नोंदणीच्या संकेतस्थळावर बघता येतं, आणि बघावंच. खोटा निघाला तर पुढचं काही वाचायची गरज नाही. पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ बारीक अक्षरात छापावी लागते. समोर उंच मुलाचं चित्र आणि मागे ही ओळ, हे दोन्ही एकाच डब्यावर सापडतं.

असा दावा करणं कायद्यात बसतं का?

औषध नियम, १९४५ मधल्या नियम १०६ आणि शेड्यूल 'जे'नुसार काही आजार-तक्रारी अशा आहेत की त्या बऱ्या होतात असा दावा औषधाला करताच येत नाही. त्या यादीत कर्करोग, टक्कल यांच्या सोबत मुलांची किंवा प्रौढांची उंची वाढवणं हेही आहे. आयुर्वेदिक म्हणून विकलं तरी १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात औषधाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला बंदी आहे. आणि अन्न म्हणून विकलं तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणूनच डब्यावर 'वाढीला साथ', 'उंचीसाठी पोषण' अशी सांभाळून लिहिलेली भाषा असते, आणि 'सहा इंच हमखास' हे फक्त व्हिडिओत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं जातं.

गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना?

होऊ शकतो, आणि हे आम्हाला अगदी स्पष्ट सांगायचं आहे.

आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मेडिकलमध्ये सहज मिळते. ती ठरावीक आठवडे, आठवड्यातून एकदा, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यायची असते. रोजची गरज फक्त ६०० युनिट आहे. कोणी ती रोज दिली, किंवा महिनोन्‌महिने चालू ठेवली, वर डब्यातलं ड जीवनसत्त्व वेगळं, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी ही त्याची लक्षणं. मूत्रपिंडावरही परिणाम होतो.

अश्वगंधेमुळे यकृताला सूज आल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत, थायरॉइडवरही तिचा परिणाम होऊ शकतो. कमी प्रतीच्या शिलाजितात आणि भस्मांत शिसं सापडतं, आणि शिसं स्वतःच मुलांची वाढ खुंटवतं.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे सुट्ट्या पुड्या आणि लेबल नसलेल्या 'वजन-उंची' गोळ्या. त्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड किंवा भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडिन मिसळलेलं असू शकतं. मूल गुटगुटीत दिसू लागतं, घरचे खूश होतात; पण हे स्टेरॉइड उंचीची वाढ दाबतं. जिममध्ये मिळणारी पुरुषी हॉर्मोनची स्टेरॉइड्स दुसऱ्या बाजूने घात करतात: सुरुवातीला उंची वाढल्यासारखी दिसते आणि चकत्या वेळेआधी बंद होतात.

मग खायला काय द्यायचं? आकड्यांत सांगा.

१३ ते १५ वर्षांच्या मुलाला आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे दिवसाला १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात (मुलीला ४३). ४०० मिली दुधातून सुमारे ४८० मिग्रॅ कॅल्शियम, ६० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून २०० च्या वर, दोन चमचे तिळाच्या चटणीतून दीड-दोनशे, वाटीभर दह्यातून सव्वाशे. झाले हजार. प्रथिनांसाठी तेच दूध १३ ग्रॅम, दोन अंडी १२, वाटीभर घट्ट वरण ६-७, मूठभर शेंगदाणे ७, आणि उरलेलं भाकरी-पोळीतून. अंडी चालत नसतील तर मोड आलेली मटकी आणि पनीर वाढवा. कोकणात काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे सुके मासे कॅल्शियमसाठी फार चांगले.

पालकात कॅल्शियम दिसतं, पण त्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळे ते अंगी फारसं लागत नाही. जेवणासोबतचा चहा बंद करा, लोह शोषलं जात नाही. जंतांची गोळी चुकवू नका. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत अल्बेंडाझोल फुकट मिळतं.

महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ सांगतं. त्या मुलांना पहिल्या दोन-तीन वर्षांत पुरेसं जेवण, लसी, स्वच्छ पाणी लागतं. त्या वयात हुकलेली वाढ नंतर पूर्ण भरून काढणं अवघड असतं.

लटकणं, दोरीउड्या, सायकल, पोहणं?

जरूर करा. हाडं घट्ट होतात, भूक लागते, झोप चांगली येते, आणि गाढ झोपेतच ग्रोथ हॉर्मोन जास्त स्रवतो. हाड मात्र लटकल्याने ताणलं जात नाही. पोहणारे उंच दिसतात कारण उंच मुलं त्या खेळात टिकतात.

माझं मूल नीट वाढतंय की नाही, हे घरी कसं कळणार?

डब्याच्या पैशात टेप घ्या. भिंतीला कडक टेप शून्यापासून सरळ चिकटवा. भिंतीच्या तळाशी पुढे आलेली पट्टी (स्कर्टिंग) असेल तिथे नको. अनवाणी, केसांचा बुचडा सोडून, टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकवून उभं करा. नजर समोर, हनुवटी वर उचललेली नको. डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात ठेवा, त्याची एक कड भिंतीला घट्ट टेकलेली हवी. पुस्तक तिरकं झालं की माप एक-दोन सेंटिमीटरने चुकतं. तीनदा मोजा, सरासरी घ्या, तारीख लिहा. पुढचं माप सहा महिन्यांनी, त्याच वेळेला. दर आठवड्याला मोजून काही कळत नाही, फक्त मूल धास्तावतं.

मग ते आकडे तक्त्यावर मांडा. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता, ५ ते १८ साठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा तक्ता वापरतात. भारतीय मुलांसाठीच्या या दुसऱ्या तक्त्याच्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे.

आई-बाबांच्या उंचीवरून अंदाज बांधता येतो का?

येतो. दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि निम्मे करा. बाबा १६८, आई १५४ असतील तर मुलासाठी १६७.५ आणि मुलीसाठी १५४.५. दोन्हीकडे आठेक सेंटिमीटरची मोकळीक धरा. मुलगा १६४ वर थांबला तर तो घराण्याच्या मापातच आहे. तिथे उपचार करण्यासारखं काही नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

चार वर्षांनंतर, वयात येईपर्यंत, वर्षाला ५ सेंमीपेक्षा कमी वाढ होत असेल तर दाखवा, ४ पेक्षा कमी असेल तर थांबूच नका. तक्त्यावरच्या सर्वांत खालच्या, तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेखाली (जिच्याखाली शंभरातली तीनच मुलं असतात) असेल, किंवा आधीची रेषा सोडून खाली घसरत असेल तरीही. मुलीत १३ पर्यंत आणि मुलात १४ पर्यंत वयात येण्याची कुठलीच खूण नसेल तर दाखवा.

उलट, मुलीत ८ च्या आधी आणि मुलात ९ च्या आधी खुणा दिसल्या तर ताबडतोब जा. 'वर्गात सगळ्यांत उंच झाली' म्हणून घरात आनंद असतो, पण अशा मुलांच्या चकत्या लवकर बंद होतात आणि ती शेवटी बुटकी राहू शकतात. वेळेत सुरू केलेल्या इंजेक्शनांनी चकत्या बंद होणं लांबवता येतं.

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करा. बहुधा हिमोग्लोबिनसह रक्ताची तपासणी, थायरॉइड, मूत्रपिंड, सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) यांची तपासणी आणि हाताचा एक्स-रे सांगतील. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमधला गुणसूत्राचा दोष, ज्यात उंची कमी राहते) गुणसूत्रांची तपासणीही लागते, ती टाळू नका. थायरॉइड कमी निघाला तर रोजची एक स्वस्त गोळी वाढ परत सुरू करते. पुढे लागल्यास हॉर्मोनतज्ज्ञ. मुंबईत वाडिया आणि केईएम रुग्णालयांत ही सोय आहे.

मुलीची पाळी सुरू झाली. आता उंची संपली का?

लगेच नाही. पाळी सुरू झाल्यावर साधारण ५ ते ७ सेंमी वाढ अजून होते, दोन-अडीच वर्षांत, हळूहळू कमी होत. म्हणूनच नववीतल्या मुलींना 'शेवटची संधी' म्हणून डबे विकले जातात.

ग्रोथ हॉर्मोनच्या गोळ्या किंवा स्प्रे मिळतात, ते?

ग्रोथ हॉर्मोन हे प्रथिन आहे. गिळलं की पचून जातं. खरं ग्रोथ हॉर्मोन इंजेक्शननेच मिळतं, बहुधा रोज रात्री कातडीखाली, वर्षानुवर्षं, चकत्या उघड्या असेपर्यंत. हॉर्मोनची कमतरता, टर्नर सिंड्रोम, मूत्रपिंडाचा दीर्घ आजार अशा ठरावीक कारणांसाठीच ते देतात. कमतरता असलेल्या मुलाला ते लवकर सुरू झालं तर फरक मोठा पडतो. वर सांगितलेलं मोजमाप वेळेत करायचं ते याचसाठी.

डबा आधीच आणलाय. आता?

मूल घेत असेल तर बंद करा. एकदम बंद केल्याने काही बिघडत नाही. अपवाद सुट्ट्या पुड्यांचा: त्यांत स्टेरॉइड असण्याची शंका असेल आणि त्या काही आठवडे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारून बंद करा, कारण स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं ठरू शकतं. डोळे पिवळे होणं, गडद लघवी, सतत मळमळ, न थांबणाऱ्या उलट्या असतील तर त्याच दिवशी दवाखाना, आणि डबा सोबत न्या.

बिल, डब्याचे सगळ्या बाजूंचे फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातही देता येते; अर्जात बॅच नंबर आणि परवाना क्रमांक लिहा, त्यांच्याशिवाय तपास पुढे सरकत नाही.